दुर्बीण, विळी आणि झोपेच्या गोळ्या

माधवी मुखर्जी हे नाव घेतलं की मराठी रसिकाच्या डोळ्यांपुढे बहुधा एकच चित्र येतं: खिडकीची झडप उघडून, दांडीची छोटी दुर्बीण डोळ्यांना लावून रस्त्याकडे बघणारी चारुलता. यात नवल नाही. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 सालचं, मुंबईचं प्रभात चित्र मंडळ 1968 सालचं. अशा ठिकाणच्या पडद्यांवर आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी बंगाली चित्रपट पाहिला, आणि पाहिला तो मुख्यतः सत्यजित राय यांचं बोट धरून. त्यामुळे माधवीबाई आपल्यापर्यंत आल्या त्या ‘रायांची चारुलता’ म्हणून. षष्ठीचा हा प्रत्यय वाटतो तितका निरुपद्रवी नाही. त्यातून एक समज हळूच रुजतो, की एका थोर दिग्दर्शकाला एक देखणा, बोलका चेहरा सापडला, त्याने तो घडवला, आणि त्याचा हात सुटल्यावर त्या चेहऱ्याचं पुढे फारसं काही झालं नाही. पुढच्या पानांत ज्या चित्रपटांची ओळख येणार आहे ते पाहताना हा समज बाजूला ठेवावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना लांबवली आहे. माझं म्हणणं असं, की माधवी मुखर्जी ही डोळ्यांची नटी नाही, हातांची नटी आहे. बाई आधी काहीतरी काम करते आणि त्या कामातून तिचं मन कळतं, असा तिच्या अभिनयाचा क्रम असतो. आणि ही रीत तिच्या अंगी राय यांच्याकडे जाण्याआधीच होती.

पहिला पुरावा तारखांचा आहे, कारण इथे तारखांनीच घोळ केला आहे. माधवीबाईंचा जन्म 1942 सालचा. लहान असतानाच त्या कोलकात्याच्या रंगभूमीवर उभ्या राहिल्या. प्रेमेंद्र मित्र यांच्या 1950 सालच्या ‘कांकनतला लाइट रेल्वे’त बालकलाकार म्हणून दिसल्या, 1956 मध्ये तपन सिन्हांच्या ‘टॉन्सिल’मध्ये दिसल्या. मृणाल सेन यांचा ‘बाइशे श्रावण’ आला 1960 मध्ये. मूळच्या माधुरीचं ‘माधवी’ झालं ते याच चित्रपटाच्या वेळी. मग 1962 मध्ये त्यांनी ऋत्विक घटकांच्या ‘सुवर्णरेखा’त सीता केली. त्यानंतर राय यांचे तीन चित्रपट ओळीने आले: 1963 चा ‘महानगर’, 1964 चा ‘चारुलता’, 1965 चा ‘कापुरुष’. पण ‘सुवर्णरेखा’ डब्यात अडकला होता. तो पडद्यावर आला 1965 मध्ये. म्हणजे सीता घडली आधी आणि दिसली शेवटी. प्रेक्षकाने ओळ लावली ती प्रदर्शनाच्या क्रमाने, आणि त्या ओळीत घटकांची सीता ही राय यांच्या चारूनंतरची, जणू तिच्याच पुण्याईवर मिळालेली भूमिका ठरली. प्रत्यक्षात ‘महानगर’मधल्या आरतीच्या भूमिकेसाठी राय यांच्यासमोर येऊन बसलेल्या एकविशीतल्या मुलीच्या गाठीला ‘बाइशे श्रावण’मधली मालती आणि सीता या दोन भूमिका होत्या, आणि त्याच्याही मागे रंगमंचावरचं अख्खं बालपण होतं.

त्या बालपणाकडे समीक्षक सहसा एका वाक्यात उरकतात. शिशिरकुमार भादुरी, अहींद्र चौधरी, निर्मलेंदु लाहिडी, छबि विश्वास या नावांची माळ गुंफायची आणि पुढे जायचं. खरं तर ही नुसती नावं नाहीत, ही शाळा आहे. व्यावसायिक रंगभूमीवर लहान मुलाला आधी काय शिकावं लागतं? भावना नव्हे; वेळ साधणं. तबक कुठल्या वाक्यावर आणायचं, कुठे ठेवायचं, मोठ्या नटाच्या लांबलचक बोलण्यात आपण उगाच हलायचं नाही, आणि हललोच तर त्या हलण्याला अर्थ हवा. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला पोराच्या डोळ्यातलं पाणी दिसत नाही, त्याच्या हातातली वस्तू मात्र दिसते. कॅमेऱ्यापुढे आलेल्या रंगभूमीवरच्या नटाबद्दल आपण नेहमी ऐकतो ते असं, की त्याला आवाज खाली आणावा लागतो, हातवारे आवरावे लागतात. माधवीबाईंच्या बाबतीत मला वाटतं नेमकं उलटं झालं. रंगभूमीने दिलेली वस्तूंची शिस्त त्यांनी जशीच्या तशी ठेवली, फक्त आवाका लहान केला. म्हणून त्यांच्या हातात सुई असो, नोटा असोत की बाटली, ती वस्तू दिग्दर्शकाने दिलेली वाटत नाही, त्या बाईच्या रोजच्या वापरातली वाटते.

‘बाइशे श्रावण’ म्हणजे श्रावणाची बावीस तारीख, रवींद्रनाथांचा मृत्युदिन. त्या नावाभोवती बंगाली मनात जो भक्तिभाव दाटून येतो तो बाजूला सारून सेन यांनी त्या दिवसाला एका साध्या, पुढे करपून गेलेल्या लग्नाची गोष्ट जोडली. प्रियनाथ हा गाडीत फिरून किरकोळ वस्तू विकणारा, वयाने थोराड, रूपाने बेताचा माणूस. मालती कोवळी, हसरी. मग 1943 चा दुष्काळ येतो. सेन यांचा दुष्काळ रस्त्यावरच्या प्रेतांत कमी आणि स्वयंपाकघरात जास्त आहे: दोन माणसांमधली माणुसकी अन्नाच्या घासाघासाने कशी आटते, यावर त्यांचा रोख आहे. भुकेला नवरा पुढ्यातलं खात सुटतो. बायकोसाठी काही उरतंय का, हे त्याच्या मनालाही शिवत नाही. अशा जागी मालतीने काय करायचं? मेलोड्रामाचा सोपा मार्ग रडण्याचा आहे. इथे तसं होत नाही. मालतीत जे बदलतं ते तिचं घरातलं वावरणं. जी मुलगी घरभर बागडत होती तिच्या हालचालींत काटकसर येते, जणू हात हलवायलाही आता शिधा लागतो. चित्रपटाच्या शेवटी ती स्वतःला संपवते. त्या शेवटाची तयारी संवादांनी फार केलेली नाही, तिच्या मंदावत गेलेल्या शरीराने केली आहे. सतरा-अठराव्या वर्षी असं काही सुचणं हे देखण्या चेहऱ्याचं काम नव्हे.

घटकांचा सिनेमा सेन यांच्या नेमका उलट. तिथे संयम हा गुण मानलेलाच नाही. रुंद भिंगात वाकलेली क्षितिजं, ओसाड धावपट्टी, उस्ताद बहादूर खाँ यांचं संगीत, पुराणातल्या नावांची उघड योजना: सीता, अभिराम, ईश्वर. फाळणीत उखडलेला ईश्वर धाकट्या बहिणीला आणि कुणाच्या तरी हरवलेल्या पोराला घेऊन सुवर्णरेखेच्या काठी नोकरीला जातो. मुलं मोठी होतात, प्रेमात पडतात. मुलगा खालच्या जातीचा निघतो आणि निर्वासितांच्या वसाहतीत समतेच्या गोष्टी ऐकलेला ईश्वर तिथे कोसळतो. सीता लग्नघरातून पळून अभिरामबरोबर कोलकात्यात जाते. तो बस चालवू लागतो, गाडीखाली एक मूल येतं, जमाव त्याला ठार मारतो. पोट भरायला सीतेसमोर एकच वाट उरते, आणि तिच्या दारात पहिलं गिऱ्हाईक म्हणून उभा राहतो तो दारूने धुंद झालेला, चष्मा हरवलेला तिचा भाऊ. कागदावर हा योगायोग असह्य आहे. अनेकांनी तो घटकांच्या नावे दोष म्हणून लावलाही आहे. पण पडद्यावर त्या क्षणी सीता हात घालते तो कोपऱ्यातल्या ‘बोंटी’ला. बोंटी म्हणजे आपली विळी. पाट पायाखाली दाबून, जमिनीवर बसून भाजी आणि मासळी चिरायचं पातं. कुठल्याही बंगाली किंवा मराठी घरातल्या बाईचा हात या वस्तूकडे दिवसातून किती वेळा जातो! घटकांनी खंजीर दिला असता तर प्रसंग नाटकी झाला असता. विळीमुळे तो घरातला झाला, आणि माधवीबाईंनी तो हात ज्या सरावाने नेला त्यामुळे खरा झाला. मरण आपल्याला दाखवलेलं नाही. दिसतात ते तिचे विस्फारलेले डोळे आणि भावाच्या कपड्यांवर उडालेलं रक्त. ‘बोलके डोळे’ म्हणणाऱ्यांना इथे पुरावा सापडेल खरा, पण त्या डोळ्यांना वजन आलं ते क्षणभर आधी हाताने केलेल्या कामामुळे.

घटकांचं पुढचं एक वळण पुण्यातून जातं. ‘सुवर्णरेखा’ पडद्यावर आला त्याच सुमारास ते फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये उपप्राचार्य म्हणून दाखल झाले. एका पिढीवर त्यांनी जो परिणाम केला त्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यांच्या नट-नट्यांविषयी फारच थोडं. ‘मेघे ढाका तारा’तल्या सुप्रिया चौधरींना निदान नीता म्हणून ओळख मिळाली. सीतेच्या वाट्याला तेवढंही आलं नाही, कारण ती करणारी बाई तोवर दुसऱ्या नावाने ओळखली जात होती.

‘महानगर’ नरेंद्रनाथ मित्र यांच्या कथेवरचा. आत्मचरित्रात माधवीबाईंनी नोंदवलं आहे की राय यांनी पटकथा वाचून दाखवली तेव्हा त्या थक्क झाल्या होत्या, कारण बाईला मधोमध ठेवून लिहिलेली पटकथा त्यांना प्रथमच भेटत होती. आरती मजुमदार ही सुब्रत या बँकेतल्या कारकुनाची बायको. सासू-सासरे, नणंद, लहान मुलगा, आणि महिनाअखेरीला न पुरणारा पगार. (नणंद आहे जया भादुरी, अजून शाळकरी वयातली, पुढे शिकायला पुण्याला आली ती हीच.) आरती दारोदार जाऊन विणकामाची यंत्रं विकायची नोकरी धरते. पहिल्या पगाराचा प्रसंग इथे सावकाश पाहण्यासारखा आहे. पाकिटातल्या करकरीत नोटा घेऊन ती ऑफिसच्या प्रसाधनगृहात आरशासमोर उभी राहते. नोटा हातात धरते, आरशात स्वतःकडे बघते आणि त्या नोटा नाकाशी नेऊन हुंगते. एवढंच. या प्रसंगात आनंद ‘दाखवण्याचे’ दहा मार्ग होते. हुंगण्यात मात्र एक घरगुती सवय आहे: नवं कापड, नवी वही, नवा तांदूळ बायका असाच हुंगून पाहतात. आरतीसाठी पैसा ही आजवर नवऱ्याच्या खिशातून येणारी वस्तू होती. आज ती तिने बाजारातल्या जिन्नसासारखी पारखली. आरशात दिसणारी बाई तिला जरा अनोळखी वाटते आहे, आणि ती अनोळखी वाटल्याचं तिला थोडं सुखही होतं आहे, हे आपल्याला कळतं ते नंतर.

लिपस्टिकचं असंच. एडिथ ही अँग्लो-इंडियन मैत्रीण ती देते, आरती कुरकुरत लावते, पुढे सवयीने लावू लागते आणि घराकडे निघताना पुसून टाकते. नवरा टोमणा मारतो तेव्हा ती पर्समधून लिपस्टिक काढून खिडकीबाहेर भिरकावते. लावणं, पुसणं, फेकणं या तीन कृतींत एका संसाराचा तोल कुणीकडे झुकतोय ते कळतं. सुब्रताची बँक बुडते, घर आरतीच्या पगारावर येतं, आणि नेमकं अशा वेळी एडिथला अन्यायाने काढून टाकणाऱ्या साहेबासमोर ती उभी राहते, माफी मागा म्हणते, आणि शेवटी राजीनामा देऊन जिना उतरते. जिन्यात तिचा धीर सुटतो. जे झालं ते तिने ठरवून केलेलं नव्हतं. आधी हाताने पत्र पुढे केलं, मग मनाला त्याची किंमत कळली. नटीचा जो क्रम मी म्हणतो आहे तो इथे जवळजवळ कथानकच होऊन बसला आहे.

‘चारुलता’विषयी इतकं लिहिलं गेलंय की आता फक्त एक हात पाहू. चित्रपट उघडतो तो तिच्या भरतकामावर: नवऱ्याच्या रुमालावर इंग्रजी ‘बी’ अक्षर उमटतं आहे. मग दुपारचा रिकामा वेळ. ती कपाटातून पुस्तक शोधते, बंकिमबाबूंचं नाव गुणगुणते, रस्त्यावर माकडवाल्याचं डुगडुगं वाजतं तशी दुर्बीण आणायला धावते, एका खिडकीकडून दुसरीकडे पळत पालखी, छत्रीवाला जाडा माणूस असं काय काय बघते. थोड्या वेळाने भूपती पुस्तक वाचत तिच्या समोरून निघून जातो. बायको तिथे उभी आहे हे त्याला दिसतही नाही. चारू दुर्बीण उचलते आणि पाठमोऱ्या नवऱ्याकडे त्या दुर्बिणीतून बघते. तो दिसेनासा होतो आणि तिचा दुर्बिणीचा हात खाली येतो. कॅमेरा झटकन मागे सरतो तो त्या उतरणाऱ्या हाताच्या लयीवर. तो हात ढिला पडत नाही, आदळत नाही. काम संपल्यावर चमचा खाली ठेवावा तसा उतरतो. एकटेपणाचा उसासा तिथे असता तर चारू बिचारी ठरली असती. ती बिचारी ठरत नाही, कारण काही सेकंदांपूर्वी ती मजेत होती, आणि आपल्या नवऱ्याला पालखी आणि छत्रीवाल्याच्या ओळीत बसवण्याचा खट्याळपणा तिनेच केला होता.

‘चारुलता’ची मूळ कथा ‘नष्टनीड’ ही रवींद्रनाथांची 1901 सालची दीर्घकथा. राय यांनी तिचा काळ 1880 च्या आसपास पक्का केला, ग्लॅडस्टनच्या विजयाची मेजवानी भूपतीच्या घरी होते त्यावरून तो कळतो. मराठी वाचकाला इथे एक धागा जोडता येईल. पंडिता रमाबाई 1878 मध्ये कोलकात्यात पोहोचल्या होत्या, तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या होत्या. चारू ज्या शहरात खिडकीमागून रस्ता न्याहाळत होती त्याच शहराने नुकतंच एका मराठी मुलीला भर सभेत बोलताना ऐकलं होतं. बाई शिकली तर काय होईल या प्रश्नाची चर्चा भूपतीच्या वर्गातले पुरुष करत होते, आणि घरात एका बाईने गुपचूप लेख लिहून तो छापूनही आणला. तो अंक घेऊन चारू आपल्या दिराच्या, अमलच्या, डोक्यात हाणते आणि मग त्यालाच घट्ट धरून रडते. हे हाणणं मला त्या रडण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्यात लेखिकेचा माज आहे, बरोबरीची मस्करी आहे, आणि आता यापुढे काय, ही भीतीही आहे. पुढे अमल निघून गेल्यावर तिचा जो आक्रोश फुटतो तो तर कुठल्याही मोजपट्टीने ‘संयत’ नाही. राय यांची नायिका म्हणजे मूक वेदना, असं म्हणणाऱ्यांनी तो प्रसंग पुन्हा ऐकावा.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. रुमाल, दुर्बीण, नोटा, लिपस्टिक हे सगळं पटकथेत होतं. राय प्रत्येक चौकट आधी चितारून ठेवत. प्रकाश सुब्रत मित्र यांचा, घर बंसी चंद्रगुप्त यांनी उभारलेलं, संगीतही राय यांचंच. मग नटीचं काय उरलं? बर्लिनने 1964 आणि 1965 अशी लागोपाठ दोन वर्षं रौप्य अस्वल दिलं तेही दिग्दर्शनासाठी. हा आक्षेप मी थट्टेवारी नेणार नाही. सिनेमात कुणाचा वाटा कुठे संपतो हे बाहेरून काटेकोर सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर फार विश्वास ठेवू नये. पण तुलना करता येते. सेन, घटक आणि राय यांच्या रीती एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत; एकाला कोरडी टोचणी हवी, दुसऱ्याला महाकाव्याची किंकाळी, तिसऱ्याला नादमधुर बांधणी. तिघांच्या तीन तऱ्हांच्या चित्रपटांत जर एकच गोष्ट सारखी दिसत असेल, तर ती तिघांपैकी कुणाची असण्याऐवजी चौथ्या माणसाची असण्याचा संभव जास्त. मालतीचं मंदावणं, सीतेचा विळीकडे गेलेला हात आणि चारूचा खाली उतरणारा हात यांना जोडणारा तो चौथा माणूस एकच आहे. शिवाय नोटा हुंग, असं दिग्दर्शक सांगू शकतो. किती वेळ हुंगायच्या आणि कुठे थांबायचं, हे सांगून होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. ‘कापुरुष’नंतर राय यांनी त्यांना पुन्हा घेतलं नाही, आणि त्यानंतरच्या चित्रपटांची यादी लांब असली तरी तिच्यात या पाच वर्षांच्या तोडीचं फार थोडं आहे. मग आधार सुटल्यावर झाड वाकलं, असंच म्हणायचं का? यादी आधी नीट पाहू. 1965 च्या ‘थाना थेके आसछि’त आणि 1966 च्या ‘शंखबेला’त त्या उत्तमकुमारांबरोबर आहेत, ‘शंखबेला’त त्यांच्यासाठी लता मंगेशकर गायल्या, आणि ती गाणी बंगालमध्ये आजही घरोघरी माहीत आहेत. 1971 चा ‘छद्मवेशी’ ही निखळ विनोदी धमाल. हृषीकेश मुखर्जींचा ‘चुपके चुपके’ त्याच गोष्टीवरचा. राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला तो या तीन थोरांपैकी कुणाच्याही चित्रपटासाठी नव्हे, माणिक बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरच्या ‘दिवारात्रिर काव्य’साठी. तरीही मान्य करायला हवं की 1970 नंतरच्या कित्येक भूमिका त्यांना पुरेशा नव्हत्या. पण त्याचा दोष हातांना द्यायचा की ते हात रिकामे ठेवणाऱ्या पटकथांना? टॉलीगंजचे स्टुडिओ तेव्हा हिंदी चित्रपटांच्या रेट्याखाली होते, शहर राजकीय हिंसेने पोळलं होतं, आणि तिशी ओलांडलेल्या नटीला वहिनी किंवा आई याखेरीज काही देण्याची सवय तिथे नव्हती. मुंबईत तरी कुठे होती? त्याच बंगालमध्ये 1963 साली सुचित्रा सेन ‘सात पाके बांधा’साठी मॉस्कोत पारितोषिक घेत होत्या. सुचित्राबाईंना प्रतिमा होती, आणि प्रतिमेला वाईट पटकथाही तारून नेते. कामातून पात्र उभं करणाऱ्या नटीला मात्र करण्यासारखं काहीतरी लिहून द्यावं लागतं.

तिसरा आक्षेप बायकांकडून येतो आणि तो मला सर्वांत योग्य वाटतो. या सगळ्या जणी पुरुषांनी लिहिलेल्या, पुरुषांनी चित्रित केलेल्या. मालती मरते, सीता मरते, चारू राहत्या घरात राहते, ‘कापुरुष’मधली करुणा चहामळ्यातल्या नवऱ्याकडे परत जाते. आरती बाहेर पडते तीही नवऱ्याचा हात धरून. बाईचं कर्तृत्व कौतुकाने दाखवायचं आणि मग त्याला जागा नाही म्हणून हळहळायचं, हा भद्र पुरुषांचा आवडता करमणुकीचा प्रकारच नव्हे का? बराचसा आहे. नटी हा शेवट बदलू शकत नाही. पण ती एक करू शकते: कथेत ज्या कुवतीला जागा नाही ती कुवत आपल्या वावरण्यात इतकी ठसठशीत ठेवायची, की शेवट प्रेक्षकाला पटू नये. चारूच्या शेवटच्या चौकटीत दोन हात एकमेकांकडे येता येता गोठतात. त्यांतला चारूचा हात आधी पुढे आलेला आहे, आणि भूपतीचा कचरत. पूर्णेंदु पत्री यांच्या 1972 च्या ‘स्त्रीर पत्र’मध्ये हा हिशेब उघड मांडला जातो. रवींद्रनाथांच्या 1914 च्या कथेतली मृणाल बाराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आलेली. पंधरा वर्षांनी, पुरीला गेली असताना, ती नवऱ्याला पत्र लिहून कळवते की 27 नंबरच्या माखन बडाल गल्लीत ती आता परतणार नाही. इथे हाताला एकच काम आहे, लिहिण्याचं. चारूने जे लपून केलं ते मृणाल पत्त्यासकट करते. मूळ कथा पुरुषाचीच आहे, हे खरं. पण या दोन भूमिकांमधलं आठ वर्षांचं अंतर एकाच अंगाने पार केलेलं पाहिलं की कथा कुणाची या प्रश्नाचं उत्तर जरा हलतं.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगता येईल. 2000 सालच्या ऋतुपर्ण घोष यांच्या ‘उत्सव’मध्ये त्या दुर्गापूजेसाठी जमलेल्या कुटुंबाची म्हातारी आई झाल्या, 2001 मध्ये विधानसभेच्या निवडणुकीत जादवपूरमधून थेट मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि हरल्या. तो धीटपणा की भाबडेपणा, यावर बंगालमध्ये एकमत नाही, आणि इथे त्याची गरजही नाही.

‘कापुरुष’विषयी मात्र बोलायला हवं, कारण राय यांच्या तीन चित्रपटांत तो कायम कोपऱ्यात राहिला. गोष्ट प्रेमेंद्र मित्र यांची. म्हणजे ज्यांनी आठ वर्षांच्या मुलीला पडद्यावर आणलं त्यांच्याच गोष्टीत ती राय यांच्याकडे शेवटचं काम करते आहे. अमिताभ हा पटकथालेखक. गाडी बिघडते म्हणून एका चहामळेवाल्याकडे मुक्काम पडतो, आणि यजमानाची बायको निघते करुणा, जिला एके काळी त्याने ऐन वेळी नाकारलं होतं. रात्री त्याला झोप येत नाही; ती त्याला झोपेच्या गोळ्यांची बाटली देते. दुसऱ्या दिवशी तो तिच्यासाठी चिठ्ठी ठेवतो, की अजून प्रेम असेल तर स्टेशनवर ये. तो बाकावर वाट बघत बसतो. ती येते. त्याचा चेहरा उजळतो, आपलाही. करुणा बाटली परत मागायला आलेली असते. तिला त्या गोळ्या लागतात. माधवीबाई इथे डोळ्यांनी काहीही सुचवत नाहीत, क्षमा नाही, सूड नाही, जुनी ओढ नाही. हात पुढे होतो, बाटली घेतो, आणि ती निघून जाते.